ताईचा उरलेला आठवडा

ब्रेकमास्तरांनी आयुष्यात कुणाला धक्का लागू दिला नाही, आणि याचा भोवतालच्या सगळ्यांना अतोनात त्रास झाला.

धंद्याने ते गाडी शिकवायचे. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक जादा ब्रेक असतो, शिकणारा गडबडलाच तर दाबायला. आपले मास्तर तो शिकणारा गडबडायच्या आधीच दाबायचे. कोपऱ्यावर कुत्रं उभं असलं की ब्रेक. कुत्रं बसलेलं असलं तरी ब्रेक, कारण ते उठू शकतं. कुत्रं नसलं तर मास्तरांना जास्तच काळजी वाटायची, की गेलं कुठे. शिकायला येणारी मंडळी म्हणायची, गाडी चालवतो आपण आणि थांबवतात मास्तर. एक बाई लायसन्स मिळाल्यावर मुद्दाम भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, गाडीला तिसऱ्याच्या पुढेही गिअर असतात. मला मिस्टरांनी दाखवले." मास्तरांनी त्यांना घरी सावकाश जायला सांगितलं. मास्तरांचं खरं नाव गल्लीत कुणाला धड आठवत नाही, पण ब्रेकमास्तर म्हटलं की पोस्टमनही बरोबर त्यांच्या जिन्याशी येतो.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मास्तरांचं तोंड दुधाने कधी पोळलंच नव्हतं, तरी ते ताक फुंकून पीत, आणि शेजारी कुणी पीत असेल तर त्याच्याही पेल्यावर फुंकर घालत. खुर्चीत बसून बातम्या बघतानासुद्धा पडद्यावर गाडी वळली की त्यांचा उजवा पाय जमिनीत रुतायचा. खुर्चीसमोरच्या फरशीचा एक कोपरा त्याने झिजून गुळगुळीत झाला होता.

त्यांच्या बायकोने उभी नोकरी इस्पितळाच्या हाडांच्या वॉर्डात काढली. लोक तिला अजून नर्सबाईच म्हणतात. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की तिला नाव आठवत नसे, पण "तो बघा आपला खुबा चालला," असं ती मास्तरांना बरोबर सांगायची. तिच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार होते, मोडलेली आणि अजून न मोडलेली. मास्तर दुसऱ्या प्रकारात मोडत.

आता पेटीबद्दल सांगायला हवं. पेटी म्हणजे अकॉर्डियन. पट्टे खांद्यावर अडकवून, पोटाशी धरून, मधला भाता ताणत आणि मिटत वाजवतात ते. उजव्या हाताला पांढऱ्याकाळ्या पट्ट्या, डाव्या हाताला बटणं. पण 'अकॉर्डियन' म्हणताना मास्तरांच्या वडिलांची जीभ पहिल्याच दिवशी घसरली, चारचौघांत घसरली, आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की ही पेटी. घरात दुसरा शब्द पुन्हा निघाला नाही.

पेटी एक आणि पोरं दोन, मास्तर आणि त्यांच्याहून मोठी ताई. पहिल्या दिवशी मारामारी झाली. दुसऱ्या दिवशी ताईने मास्तरांना चावा घेतला. तिसऱ्या दिवशी वडिलांनी कायदा केला. एक आठवडा ताईचा, एक आठवडा धाकट्याचा. रविवारी संध्याकाळी पेटी पुसून, भात्याचा पट्टा लावून, दोन्ही हातांनी दुसऱ्याला द्यायची. देताना तोंड वाकडं केलं तर पुढचाही आठवडा त्या दुसऱ्याचाच.

कायदा झाला, पण दोघांचेही हात पेटीला पुरत नव्हते. ताईची बोटं पट्ट्यांवर पळायची, पण भाता ओढायला गेलं की खांदा भरून यायचा. धाकट्याला ओढायला जोर होता, पण सुरांशी त्याचं वाकडं होतं. मग स्वयंपाकघरातल्या बाकावर दोघं एकमेकांना खेटून बसायची. पेटी ताईच्या मांडीवर, उजवा हात ताईचा. धाकटा तिच्या डाव्या अंगाला, भाता आणि बटणं त्याच्याकडे. वडील दाढी करताना एक चाल गुणगुणत, ती कुठल्या गाण्याची हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तीच दोघं वाजवायची. डावीकडचं एक बटण निखळून हरवलं तेव्हा ताईने वडिलांच्या जुन्या कोटाचं बटण घासून घासून तिथे बसवलं. ते अजून तिथे आहे.

पुढे हात लांब झाले आणि दोघं आपापल्या आठवड्यात एकेकटी वाजवू लागली. आणि मग ताई लग्न होऊन परदेशी गेली. गेली ती बुधवारी. आठवडा तिचा चालला होता, आणि तोही अर्ध्यावर. तिने पेटी बरोबर न्यायला काढली तेव्हा वडील म्हणाले, "विमानात पेटी मोडते."

वडिलांनी विमान आतून कधी पाहिलं नव्हतं. बाहेरून पाहिलं होतं तेही खूप खालून. पण वडील बोलले म्हणजे संपलं. ते वाक्य पुढे घरात म्हणीच्या मोलाला चढलं. शेजारीण मोठं पातेलं मागायला आली आणि द्यायचं नसलं, तर आई आतून म्हणायची, "विमानात पेटी मोडते गं बाई." मास्तरांना लग्नात सुटाबुटात उभं राहायला सांगितलं तेव्हा तेही हेच म्हणाले, आणि कुणी आग्रह केला नाही.

ताई मात्र हटली नाही. दर रविवारी संध्याकाळी, पेटी हातात द्यायच्या वेळेला, तिचा फोन यायचा. हवा, दुखणी, महागाई सगळं बोलून झालं की ती म्हणायची, "माझा आठवडा अर्धा राहिलाय. विसरू नकोस." मास्तर म्हणायचे, "तुझाच आहे." दोनदा ती येऊन राहून गेली, पण पेटीला तिने बोट लावलं नाही. "माझा आठवडा मी माझ्या घरी घेणार," ती म्हणाली. म्हणजे बघायला गेलं तर मास्तर सगळं आयुष्य ताईच्या आठवड्यातच वाजवत होते, आणि चांगलं वाजवत होते. गाडी चालवताना कधी न दिसलेला मोकळेपणा त्यांच्या अंगात पेटी घेतली की यायचा. नर्सबाई म्हणायची, या माणसाच्या पेटीला ब्रेक नाही म्हणून बरं आहे.

आणि मग एका रविवारी ताई ते वाक्य म्हणाली नाही.

वर्षापूर्वी तिचे यजमान गेले होते. मोठं घर सोडून ती लहान घरात आली होती. त्या दिवशी ती हवेबद्दल बोलली, गुडघ्यांबद्दल बोलली, आणि गप्प झाली. मास्तरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि शेवटी आपणच म्हणाले, "तुझा आठवडा राहिलाय बरं का."

"राहू दे रे," ताई म्हणाली. "बोटं आखडली माझी. तुझीच समज ती आता."

मास्तरांनी फोन ठेवला. पेटी कायमची आपली झाली याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. ताईने हट्ट सोडला म्हणजे तिचं आता कशातच मन नाही, असं त्यांना वाटलं. चावा घेणारी ताई त्यांना चालत होती. ही नको होती.

"आपण जायचं," ते बायकोला म्हणाले. "पेटी घेऊन. मी वाजवून दाखवीन तिला. ऐकलं की हात शिवशिवतील तिचे."

नर्सबाईने चष्मा वर केला. "विमानात पेटी मोडते ना?"

"मी असताना?" मास्तर म्हणाले.

तिकीट बुधवारचंच काढलं, कारण ताईचा आठवडा बुधवारपासून राहिला होता. परतीचं सोमवारचं. त्यानंतर तयारी सुरू झाली, आणि घरातल्या कुणालाही धड झोपायला उशी उरली नाही.

वाद्यांच्या दुकानदाराने तशी साधी गोष्ट सांगितली होती. पेटी सामानात टाकू नका, हातात ठेवा, उभी ठेवा, आडवी नको. "आतल्या सुरांच्या पट्ट्या मेणाने बसवलेल्या असतात," तो म्हणाला. "विमानाच्या पोटात फार थंडी लागली तर मेण तडकतं. सूर गळून पडतात." बाकीचं मास्तरांनी ऐकलंच नाही. सूर गळून पडतात एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. रात्री ते दचकून उठायचे आणि पेटीला कान लावून बसायचे.

पेटीची स्वतःची जुनी कडक पेटी होतीच, म्हणजे ती बाहेरची, कुलपाची. तिच्याभोवती मास्तरांनी स्पंज गुंडाळला. स्पंजाभोवती दोन उशा. उशांभोवती पाहुण्यांची दुलई. दुलईभोवती पलंगपोस, त्यावर गाडी ओढायचा दोर. आणि सगळ्यात वर, समोरून नीट दिसेल असा, आपल्या गाडीच्या मागचा शिकाऊचा लाल 'एल'चा बोर्ड.

"हा कशाला?" नर्सबाईने विचारलं.

"एल बघितला की लोक आपोआप लांब राहतात," मास्तर म्हणाले. "सगळी नोकरी त्याच्याच जिवावर केलीय मी."

मग चाचणी झाली. गाठोडं शिकणाऱ्याच्या शेजारच्या जागेवर बसवून, पट्टा लावून, मास्तरांनी ते दुसऱ्या गिअरमध्ये गावभर फिरवलं. खड्डा आला की ते गाठोड्याकडे बघून "काही नाही, काही नाही" म्हणत. त्या दिवशी ज्या मुलाची शिकवणी होती तो मागे बसून सगळं बघत होता. त्याने दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या मास्तरांकडे नाव घातलं.

विमानतळावर सामानाच्या खिडकीशी एक मुलगी बसली होती. तिने आधी गाठोडं पाहिलं, मग मास्तरांना, मग नर्सबाईला, आणि तिघांपैकी नर्सबाईशी बोलायचं ठरवलं.

"हे खाली सामानात जाईल."

"हे जाणार नाही," मास्तर म्हणाले. "हे हातात."

मुलीने शेजारच्या लोखंडी सांगाड्याकडे बोट दाखवलं. त्यात बसेल ते हातात, न बसेल ते खाली. आता गाठोडं त्या सांगाड्यात बसायचं म्हणजे उंटाने पाळण्यात झोपायचं. मास्तरांनी एक बाजू घातली, दुसरी निघाली. दुसरी दाबली, पहिली निघाली. मागे रांग वाढत होती, आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"काका, वरचं काढून बघा ना," मुलगी म्हणाली.

दोर निघाला. पलंगपोस निघाला. दुलई निघाली ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून मास्तरांनी अंगावर घेतली. एक उशी नर्सबाईने एका काखेत धरली, दुसरी दुसऱ्या काखेत. स्पंज सोडवायला मास्तर तयार नव्हते. "निदान एवढं अंगावर राहू द्या तिच्या," ते म्हणाले. शेवटी स्पंजही निघाला, आणि ती जुनी काळी पेटी, कोपरे खरचटलेली, सांगाड्यात सरळ जाऊन बसली. पहिल्यापासून बसत होती. मास्तरांनी जे जे तिला वाचवायला घातलं तेच तिला खाली धाडायला निघालं होतं.

मुलीने बोर्ड उचलून मास्तरांच्या हातात दिला. "हा ठेवा, काका. मीपण गाडी शिकतेय. आमचे सर सारखा ब्रेक मारतात."

"चांगले आहेत ते," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

पुढे तपासणी. तिथे मास्तरांचे बूट गेले, घड्याळ गेलं, कमरेचा पट्टा गेला. पेटी यंत्रातून आत गेली आणि यंत्र थांबलं. तपासणीवाल्याने पडदा बघितला, मान वाकडी केली, आणि शेजारच्यालाही बघायला बोलावलं.

"कुणाचं आहे हे? काय आहे यात?"

"पेटी," मास्तर म्हणाले.

"ही पेटी दिसतेय मला. पेटीत काय आहे?"

"पेटी."

"म्हणजे पेटीत आणखी एक पेटी?"

"हो. बाहेरची ती पेटीची पेटी. आतली ती पेटी."

तपासणीवाल्याने दम घेतला. "बरं. मग आतल्या पेटीत काय आहे?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हवा," ते म्हणाले.

नर्सबाईने मागून "वाजवायची, वाजवायची पेटी" असं चारदा सांगितलं, पण उशांमुळे तिचं कुणाला नीट ऐकू गेलं नाही. झाकण उघडलं गेलं. कोटाच्या बटणावर शंका घेतली गेली. शेवटी तपासणीवाला म्हणाला, "वाजवून दाखवा."

मास्तरांनी पट्टे खांद्यावर चढवले, भात्याचा पट्टा सोडला आणि वडिलांची चाल धरली. त्या उंच छताच्या दालनात पेटीचा आवाज असा काही भरला की बूट हातात घेतलेली माणसं जागच्या जागी थांबली. मास्तर डोळे मिटून वाजवत होते. अडचण एवढीच होती की पेटीला दोन्ही हात लागतात, आणि कमरेचा पट्टा ट्रेमध्ये होता. पहिलं कडवं होईपर्यंत विजार कशीबशी तग धरून होती. दुसऱ्या कडव्याला तिने धीर सोडला. नर्सबाईने दोन्ही उशा टाकल्या, पुढे होऊन मागून ती दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि इकडेतिकडे न बघता उभी राहिली. हाडांच्या वॉर्डात तिने याहून अवघड प्रसंग निभावले होते.

"पुरे, पुरे," तपासणीवाला म्हणाला. ते सुरांना उद्देशून नव्हतं.

विमानात पेटी डोक्यावरच्या कप्प्यात उभी बसली, आणि मास्तरांनी कप्प्याच्या दारावर 'एल' अडकवला. हवाईसुंदरीने तो दोनदा काढला. मास्तरांनी तीनदा लावला. सगळा प्रवास ते मान वर करून बसले होते. कुणी तो कप्पा उघडायला आलं की ते विचारायचे, "काय हवंय? मी देतो काढून." बाकीची माणसं त्यांना विमानातला नोकर समजू लागली आणि एकाने त्यांच्याकडे पाणी मागितलं. विमान उतरताना मास्तरांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. विमान थांबलं. ते कुणामुळे थांबलं याबद्दल मास्तरांच्या मनात आजही शंका नाही.

ताईचं घर तळमजल्यावर होतं, दाराला तीन पायऱ्या. टॅक्सीवाला पेटी उचलायला पुढे झाला तर मास्तरांनी त्याला नजरेनेच मागे सारलं. त्यांनी ती दोन्ही हातांत, छातीशी धरली. समोरचं काही दिसत नव्हतं, पण सगळी संकटं मागे पडली होती. आता फक्त दार राहिलं होतं.

पहिली पायरी झाली. दुसरी झाली. तिसरीवर पायपुसणं होतं.

पायपुसणं सरकलं. आयुष्यभर ज्या पायाने ब्रेक दाबला तोच पाय पुढे निघून गेला, आणि मास्तरांनी पडता पडता जे केलं ते शिकवून येत नाही. पेटी त्यांनी डाव्या हाताने वर उचलली आणि उजवा हात खाली टेकला. कट्ट असा आवाज झाला.

ताईने दार उघडलं तेव्हा भाऊ उंबऱ्याशी आडवा होता, आणि पेटी त्याच्या डाव्या हातात, हवेत, उभी होती. दुकानदाराने सांगितल्यासारखी.

"मोडली?" ताईने विचारलं.

"पेटी नाही," मास्तर म्हणाले.

नर्सबाई एव्हाना खाली बसली होती. तिने मास्तरांचं मनगट दोन बोटांनी चाचपलं. "मनगट," ती म्हणाली. "पेटीला एवढ्या उशा बांधल्या. एखादी तुम्हाला बांधायला हवी होती." आणि मग, तेवीस माणसांचं जेवण ऐनवेळी रद्द झाल्यासारखा चेहरा करून बसलेल्या नवऱ्याकडे बघून तिला वाईट वाटलं, आणि तिने दुलईचा कोपरा त्यांच्या डोक्याखाली सरकवला.

संध्याकाळी मास्तर कोपरापर्यंत प्लास्टर घालून ताईच्या बैठकीत बसले होते. नर्सबाईच्या दुसऱ्या प्रकारातून ते पहिल्यात आले होते. पेटी समोर टेबलावर होती, धड, ओरखडा नाही.

"तू वाजवणार होतास ना," ताई शेवटी म्हणाली.

"हो."

"मला ऐकायची होती ती चाल." ती चिडली होती, आणि डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून आणखी चिडली. "एवढ्या लांबून आणलीस ती बघायला?"

पेटी वाचवली आणि पेटी वाजवणारा घालवला. कुणी शिकाऊने असं केलं असतं तर त्यांनी त्याला गाडीतून उतरवलं असतं.

"तू वाजव," ते म्हणाले.

"सांगितलं ना, बोटं आखडलीत," ताई म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशीही पेटी तशीच टेबलावर. मास्तर स्वयंपाकघरात नर्सबाईच्या हातून चहा पीत होते, कारण डाव्या हाताने त्यांना कप धरता येत नव्हता. बाहेर बैठकीत पेटीचा खटका उघडल्याचा आवाज आला. ताई काही वाजवणार नव्हती. प्रवासात कोटाचं बटण पडलं नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं. बटण जागेवर होतं. मग भात्याचा पट्टा सुटला, कसा तो तिलाही कळलं नाही. मग एक लांब, कण्हल्यासारखा आवाज निघाला.

मास्तरांनी चहा अर्धा सोडला. "वाकडा ओढतेयस," ते आतूनच म्हणाले.

"मला कळतं."

"भाता वाकडा ओढला की फाटतो. सरळ बाहेर काढ."

"खांदा भरून येतोय माझा," ताई म्हणाली. "तेव्हाही यायचा."

मास्तर बाहेर आले. ताई कोचावर बसली होती, पेटी मांडीवर, चष्मा नाकाच्या टोकावर. ते तिच्या डाव्या अंगाला जाऊन बसले. प्लास्टर मध्ये येत होतं, ते त्यांनी एका उशीवर ठेवलं. डावा हात पट्ट्यात घातला. तो हात जिथे जायचा तिथे आपला आपण गेला, आणि अंगठ्याखाली कोटाचं बटण आलं.

"मी ओढतो," ते म्हणाले. "तू बोटं टेक."

ताईने त्यांच्याकडे बघितलं. "मध्येच ब्रेक मारू नकोस."

"नाही मारणार."

पहिल्यांदा तिचं तिसरं बोट चुकलं. मग चौथं. मग दोन्ही एकदम चुकली आणि असा काही सूर निघाला की स्वयंपाकघरात नर्सबाईने गॅस बारीक केला. "थांब," ताई म्हणाली, "पुन्हा." मास्तरांनी भाता मिटला आणि पुन्हा ओढला. पुन्हा चुकलं. "पुन्हा," ताई म्हणाली, आता लहानपणच्या आवाजात, चावायच्या आधीच्या. बऱ्याच वेळाने कुठेतरी वडिलांची चाल सुरू झाली, लंगडत, दाढी करताना पातं अडल्यासारखी थांबत थांबत, पण तीच. मास्तर भाता ओढत होते. त्यांचा पाय जमिनीवर होता, पण दाबत काही नव्हता. ताईला रडू आलं. तिने चाल थांबवली नाही.

मनगट शाबूत असतं तर मास्तरांनी एकट्याने सुरेख वाजवलं असतं, ताईने छान म्हटलं असतं, आणि पेटी पुन्हा बंद झाली असती. हे नर्सबाईला दारातून बघतानाच कळलं. तिने ते बोलून दाखवलं नाही, कारण मास्तरांना पुढच्या वेळी मुद्दाम पडायची बुद्धी झाली असती.

मग शुक्रवार, शनिवार, रविवार तेच चाललं. वरच्या मजल्यावरच्या बाईने पहिल्या दिवशी जमिनीवर काठी आपटली. शनिवारी ती पायपुसण्यावरून सांभाळून आत आली आणि बसून ऐकून गेली. जाताना म्हणाली, दोघं मिळून एक माणूस वाजवतोय म्हणायचं. रविवारी सकाळी ताईने भात्यावरून मास्तरांना पोटभर झापलं, आणि त्यांना त्या दिवशी जेवण जास्त गेलं.

रविवारी संध्याकाळी नर्सबाईने उशा, दुलई आणि दोर काढून ठेवले. ताईने पेटी मऊ फडक्याने पुसली, पट्ट्या एकेक करून, कोटाचं बटण सगळ्यात शेवटी. भात्याचा पट्टा लावला. पेटीच्या पेटीत पेटी ठेवली, खटके लावले, आणि दोन्ही हातांनी उचलून भावासमोर आणली. तोंड वाकडं होऊ नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटले होते.

"घे," ती म्हणाली. "माझा आठवडा संपला."

मास्तरांनी पेटीकडे पाहिलं. मग आपल्या प्लास्टरकडे. मग ताईच्या बोटांकडे. ती पेटीच्या मुठीवर होती आणि अजिबात आखडलेली दिसत नव्हती.

"राहू दे इथेच," ते म्हणाले.

"अरे, तुझा आठवडा आहे."

"आहे की. पण विमानात पेटी मोडते."

तिघांनीही त्या पेटीकडे पाहिलं. तिच्यावर एक नवा ओरखडा नव्हता. नर्सबाईने हातातला दोर खाली ठेवला. ताईने पेटी परत नेली, खिडकीपासून लांब, कपाटाशेजारी उभी ठेवली, आणि आडवी होणार नाही ना हे हाताने हलवून दोनदा पाहिलं.

"मग तुझ्या आठवड्याला तुलाच इकडे यावं लागेल," ती तिकडे तोंड करूनच म्हणाली.

"येईन," मास्तर म्हणाले. मग ते उठले, आपल्या सामानातून लाल बोर्ड काढला आणि डाव्या हाताने, जमेल तसा वाकडातिकडा, पेटीवर लावला. या वेळी तो कुणी काढला नाही.